थांबणाऱ्याचाच तोटा

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एका चौकात लाल दिव्याशेजारचा आकडा बारावर येतो आणि हालचाल सुरू होते. दुचाकीस्वार पायांनी जमीन रेटत गाड्या पुढे सरकवू लागतात. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे चाकांखाली केव्हाच गेलेले असतात, आता त्यांच्या पुढची मोकळी जागाही भरत जाते. आकडा सहावर आला की मागून हॉर्न सुरू होतात आणि तीनवर येईपर्यंत पहिली फळी निघालेली असते. आडव्या रस्त्यावरचा दिवा तोवर पिवळा होऊन लाल झालेला असतो. पण पिवळ्याचा अर्थ ‘आता वेग वाढवा’ असाच घ्यायचा हे ठरून गेलेले असल्यामुळे तिकडूनही शेवटच्या चार रिक्षा, एक टेम्पो आणि पीएमपीची एक बस चौकात शिरलेली असते. पुढचा रस्ता तुंबलेला असल्याने बस मध्येच थांबते, तिच्या पोटाशी आमच्या बाजूची पहिली फळी येऊन टेकते, आणि मग दिवा हिरवा असूनही पुढची तीस-चाळीस सेकंदे कोणालाच कुठे जाता येत नाही. सगळे हॉर्न वाजवत राहतात. बसचा चालक मात्र खिडकीवर कोपर टेकवून शांतपणे समोर पाहत असतो. त्याचा हा आजचा कितवा चौक, याची मोजदाद त्याने बहुधा सोडून दिलेली असते.

याच चौकात गेल्या पावसाळ्यात मी पिवळा दिवा पाहून पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गाडी थांबवली आणि मागून आलेली एक स्कूटर माझ्या बंपरवर आदळली. कोणालाही लागले नाही. स्कूटरवरच्या तरुणाने आधी स्वतःच्या गाडीचे मडगार्ड तपासले आणि मग माझ्या खिडकीशी येऊन विचारले, “काका, पिवळ्यावर कोण थांबतं?” त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरेखुरे आश्चर्य होते. नंतर विचार करताना मला वाटले, की त्याचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते. मागून येणाऱ्या प्रत्येकाने, पुढचा थांबणार नाही असे धरूनच आपला वेग ठरवलेला होता. कायद्याच्या दृष्टीने चूक त्याची होती. चौकाच्या रिवाजाप्रमाणे अपघात मी घडवला होता.

वाहतुकीचा विषय निघाला की दहा मिनिटांत चर्चेची गाडी ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ या थांब्यावर येऊन उभी राहते. मग सिंगापूरचे आणि जपानचे दाखले निघतात आणि ‘मानसिकता बदलली पाहिजे’ यावर सगळ्यांचे एकमत होऊन चहा येतो. हे निदान इतके लोकप्रिय असण्याचे कारण उघड आहे: त्यात कोणालाच काही करावे लागत नाही. मानसिकता बदलण्याच्या कामाची निविदा निघत नाही, त्याला मुदत नसते, ते रखडले म्हणून कोणत्या अधिकाऱ्याला जाब विचारता येत नाही, आणि असे म्हणणारा स्वतःला त्या ‘लोकां’मध्ये कधीच मोजत नाही.

शिवाय ते निदान खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा पुरावा पुण्यात रोज पाहायला मिळतो. लष्कराच्या हद्दीतल्या एखाद्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. कोपरात अडकवलेले हेल्मेट फाटकाच्या पन्नास मीटर अलीकडे डोक्यावर चढते, तिघांतला एक जण उतरून पायी चालू लागतो, वेग पंचवीस-तीसवर येतो आणि हॉर्नवरचा अंगठा दूर होतो. हद्द ओलांडली की दोन मिनिटांत सारे पूर्ववत. पिढ्यान्‌पिढ्यांची म्हणून सांगितली जाणारी मानसिकता जर एका फाटकापाशी बदलत असेल आणि दुसऱ्या फाटकापाशी पुन्हा पहिल्यासारखी होत असेल, तर ती मानसिकता नसून त्या त्या जागेचा हिशेब आहे असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्या चौकांचा हिशेब असा मांडलेला आहे, की जो थांबतो तो हमखास तोट्यात जातो. माझ्या मते कोंडीचे मूळ येथे आहे, आणि ते स्वभावात शोधत बसल्यामुळे आपण गेली कित्येक वर्षे चुकीच्या ठिकाणी औषध लावत आलो आहोत.

नियम नाहीत असे ज्याला वाटते त्याने सिग्नल नसलेल्या एखाद्या चौकाच्या कडेला अर्धा तास उभे राहावे. तिथे नियम आहेत, आणि ते बऱ्यापैकी काटेकोरपणे पाळले जातात. फक्त ते छापील नाहीत. छापील नियम सांगतो, की मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसेल अशा चौकात आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. १९८९ च्या रस्त्यावरील वर्तनाच्या नियमांत तो होता आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांतही आहे. गाडी चालवणाऱ्या दहा परिचितांना हा नियम विचारून पाहा. मी विचारला तेव्हा दोघांना माहीत होता, आणि त्यांपैकी एक जण बऱ्याच वर्षांनी परदेशातून परतलेला होता. प्रत्यक्षातला नियम असा, की ज्याच्या गाडीचे नाक आधी आत घुसले त्याचा हक्क पहिला. त्याला जोडून एक उपनियम आहे: समोरच्याकडे पाहायचे नाही. नजरेला नजर भिडली की तुम्ही त्याला पाहिले हे सिद्ध होते, आणि ज्याने पाहिले त्याने थांबायचे असते. म्हणून मुरलेला चालक नाक घालताना मुद्दाम विरुद्ध दिशेला, एखाद्या दुकानाच्या पाटीकडे, पाहत राहतो. पायी चालणाऱ्यांची भाषा निराळी. ते आशीर्वाद देताना धरतात तसा तळहात वाहनांकडे धरून रस्त्यात उतरतात, आणि दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीचा खाली-वर हलणारा हात हा इंडिकेटरपेक्षा अधिक मानला जातो.

या रिवाजात एक कौशल्य आहे हे मान्य करायला हवे. परदेशी पाहुणे त्याचे कौतुक करतात आणि आपल्यालाही क्षणभर बरे वाटते. पण हे कौशल्य जागा मिळवण्याचे आहे, पुढे जाण्याचे नाही. पुढच्या गाडीपासून योग्य अंतर ठेवून चालायचे मी ठरवले तर त्या अंतरात दोन स्कूटर आणि एक रिक्षा येऊन बसतात. मी पुन्हा मागे राहून अंतर सोडले तर पुन्हा तेच होते. म्हणजे सुरक्षित अंतर ठेवणारा माणूस रस्त्यावर उलटा प्रवास करत असतो. थोड्याच दिवसांत तोही पुढच्याच्या बंपरला चिकटून चालायला शिकतो आणि त्यालाच ‘आता हात बसला’ असे म्हणतात.

या हिशेबाचे सर्वांत स्वच्छ चित्र रेल्वे फाटकापाशी दिसते. पुण्यात घोरपडीच्या फाटकांवर लोकांनी ते वर्षानुवर्षे अनुभवले आहे. फाटक पडते. पहिली चार वाहने डाव्या बाजूला नीट उभी राहतात. पाचवा पाहतो, की उजवी बाजू समोरून कोणी येत नसल्याने मोकळी आहे, आणि तो तिथे जाऊन पहिला उभा राहतो. त्याच्यामागे दहा जातात. रुळांच्या पलीकडेही नेमके हेच चाललेले असते. गाडी निघून जाते, फाटक वर होते, आणि दोन्ही बाजूंनी रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापून उभ्या असलेल्या दोन फौजा एकमेकींसमोर येतात. डाव्या बाजूला इमानाने उभे राहिलेले पहिले चार जणही आता अडकलेले असतात. या सगळ्यात वेडा कोणीच नाही. पाचव्याने जे केले ते त्याच्यापुरते शहाणपणाचेच होते, कारण तो उजवीकडे गेला नसता तर सहावा गेला असता, आणि पाचव्याच्या पदरी फक्त सज्जनपणा पडला असता.

आता प्रश्न असा, की हा हिशेब बदलण्याचे काम ज्यांचे आहे ते काय करतात. रस्ता नव्याने डांबरी केला जातो तेव्हा जुन्या थांबण्याच्या रेषा आणि झेब्रा क्रॉसिंग डांबराखाली जातात आणि पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, परत रंगवले जात नाहीत. जी रेषाच नाही तिच्या अलीकडे थांबायचे कसे? सिग्नलचे एक पूर्ण आवर्तन मोठ्या चौकांत दोन-तीन मिनिटांचे ठेवले जाते. दिवा बदलताना दर वेळी काही सेकंदे फुकट जातात, म्हणून तो कमी वेळा बदलावा, असा त्यामागचा विचार. कागदावर तो बरोबर आहे. पण आवर्तन जितके लांब तितकी एक हिरवा दिवा चुकण्याची किंमत मोठी. चाळीस सेकंदांसाठी माणूस पिवळ्यावर थांबेलही. अडीच मिनिटे उन्हात किंवा धुरात काढायची आहेत हे दिसत असताना तो थांबणार नाही, आणि शेजारी सेकंदांचा आकडा लावून आपण त्याला ती किंमत अगदी स्पष्ट अक्षरांत दाखवतो. त्यातून गर्दीच्या वेळी पोलीस सिग्नल हाताने चालवू लागले की आकड्याला काही अर्थ उरत नाही. ज्या रस्त्यावर मागची रांग लांब दिसते त्याला चार-चार मिनिटे सोडले जाते, आणि बाकीच्यांचा दिव्यावरचा उरलासुरला विश्वासही जातो.

येथे पोलिसांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आठ तास त्या धुरात उभे राहून, बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाचे ‘मामा, सोडा की’ ऐकत, दोन हातांनी चार रस्ते सांभाळणे हे कोणालाही जमण्यासारखे काम नाही. दोष आहे तो त्यांच्याकडून कोणते काम करून घेतले जाते याचा. ई-चलान आल्यापासून एक दृश्य नित्याचे झाले आहे. चौक मागे कोंडलेला असतो आणि चौकाच्या पलीकडे, झाडाच्या सावलीत उभे राहून, मोबाइलवर हेल्मेट नसलेल्यांची छायाचित्रे घेतली जात असतात. छायाचित्रात जे स्पष्ट येते तेच गुन्हा म्हणून मोजले जाते: हेल्मेट, तिसरा स्वार, नंबरप्लेट, नो-पार्किंगमधली गाडी. पुढे जागा नसताना चौकात शिरणे, डावीकडे वळणाऱ्यांची मोकळी वाट अडवून उभे राहणे, झेब्रा क्रॉसिंगवर ठाण मांडणे, या ज्या गोष्टींनी खरोखर शहर थांबते, त्यांसाठी दंड झालेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मी हेल्मेटच्या बाजूचा आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात आंदोलने झाली तेव्हा मला या शहराची लाज वाटली होती. पण हेल्मेट डोके वाचवते, चौक मोकळा करत नाही. आणि शिस्तीचा सारा कार्यक्रम हेल्मेटभोवती फिरू लागला, की शिस्त म्हणजे स्वतःच्या अंगावर घालायची एक वस्तू असा समज पक्का होतो, दुसऱ्यासाठी सोडायची जागा असा होत नाही. दंडाच्या रकमेचेही तसेच. मोटार वाहन कायद्यातील वाढीव दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले, महाराष्ट्राने ते लांबवत डिसेंबर २०२१ मध्ये स्वीकारले. रक्कम वाढली, पकडले जाण्याची शक्यता मात्र होती तेवढीच राहिली, आणि मोबाइलवर आलेली चलाने साठवून लोकअदालतीची वाट पाहणे हा नवा व्यवहार रूढ झाला. हजारात एकदा होणाऱ्या मोठ्या दंडापेक्षा दहात चारदा होणारा लहान दंड माणसाला अधिक लवकर बदलतो, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. शाळेत मास्तरांच्या तासाला बसलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे.

लायसन्सची चाचणी याच चुकीची पहिली पायरी आहे. दुचाकीवरून आठचा आकडा काढायचा, चारचाकी मागे घेऊन दाखवायची, चढावर थांबवून पुन्हा काढायची. चाचणीच्या त्या मार्गावर उमेदवार एकटाच असतो. दुसऱ्याला वाट द्यावी लागेल असा एकही प्रसंग त्या परीक्षेत येत नाही, आणि मग तो थेट त्या चौकात येतो जिथे दुसरे कोणीच त्याला वाट देणार नसते.

या विषयावर लिहिताना स्वतःचेही सांगितले पाहिजे. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर दुभाजकाला पूर्वी एक फट होती. वर्तमानपत्रांच्या भाषेत तो दुभाजक ‘पंक्चर’ केलेला होता. अपघात होतात म्हणून ती फट बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पण आता घरी येण्यासाठी पुढे जवळजवळ एक किलोमीटर जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो, तोही अशा चौकात जिथे वळायला दोन दिवे जावे लागतात. दीड महिना मी तो घेतला. आता रात्री दहानंतर परतताना अलीकडच्या बोळातून बाहेर पडून दीडशे मीटर राँग साइडने, पार्किंगचे दिवे लुकलुकवत, कडेकडेने येतो. दिवे लुकलुकवल्याने गुन्हा सौम्य होतो असे मलाही वाटत नाही. पण ‘बेशिस्त लोक’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते त्यांत मी आहे, आणि मला तिथे नेऊन ठेवणारी गोष्ट माझी संस्कृती नसून एक किलोमीटर आणि पंधरा मिनिटे ही आहे, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. यू-टर्न तीनशे मीटरवर असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

थांबणाऱ्याला तोट्यात घालण्याची ही रीत चौकापुरती राहिलेली नाही. सगळ्या शहराची रचना त्यावर उभी राहिली आहे. रस्त्यावर सर्वांत कमी जागा अडवणारा माणूस म्हणजे पायी चालणारा, आणि त्याच्यानंतर बसमधला. एका बसला जागा लागते फार तर तीन मोटारींची, आणि गर्दीच्या वेळी तिच्यात साठ माणसे उभी-बसलेली असतात. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच सांगितले होते, की रस्त्याची जागा वाहने मोजून न वाटता माणसे मोजून वाटावी. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातला पहिला बीआरटी प्रयोग सुरू झाला. बससाठी राखलेल्या मार्गिकेत पहिल्या दिवसापासून दुचाकी आणि मोटारी शिरत राहिल्या, कारण शेजारी तुंबलेली वाहतूक आणि मध्ये मोकळी मार्गिका हे दृश्य कोणालाही सहन होत नव्हते. आणि ती मोकळी दिसणे हाच त्या योजनेचा गाभा आहे, हे समजावून सांगणारे व सांभाळणारे कोणी उभे राहिले नाही. पुढे शहरातले असे मार्ग एकेक करून उखडले गेले. पिंपरी-चिंचवडमध्ये बसमार्ग अधिक नीट राखले गेले, हे पुणेकरांनी मान्य करायला हरकत नाही. बसने जाणाऱ्याने स्वतःची गाडी घरी ठेवून शहरावर उपकार केले. बदल्यात शहराने त्याला मोटारींच्या मागे उभे केले. दोन-तीन वर्षे हे सोसल्यावर तो हप्त्याने स्कूटर घेतो. २०१८ साली पुण्यातील नोंदणीकृत वाहने ३६ लाखांवर जाऊन त्यांनी शहराच्या लोकसंख्येला मागे टाकल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. त्या आकड्यात भंगारात गेलेल्या आणि शहराबाहेर गेलेल्या गाड्याही होत्या, त्यामुळे तो शब्दशः घेऊ नये. तरी त्यातली प्रत्येक गाडी म्हणजे थांबण्याला कंटाळलेला एक माणूस, असे मी ते वाचताना मनाशी म्हटले होते.

पायी चालणाऱ्याविषयी तर बोलायलाच नको, असे म्हणून सगळे खरोखरच बोलत नाहीत. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते आणि साडेएकोणीस टक्के पायी चालणारे. मोटारीची काच वर करून वातानुकूलित हवेत वैतागणारा मी, आणि तळहात पुढे करून रस्ता ओलांडणाऱ्या आजी, आम्हा दोघांना ‘वाहतुकीचा त्रास’ होतो असे म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. माझी वीस मिनिटे जातात. त्यांचे काय जाऊ शकते हे त्यांना ठाऊक असते, म्हणून त्या आधी शेजारी कोणी ओलांडणारे आहे का पाहतात आणि त्याच्या आडोशाने निघतात.

उड्डाणपुलांविषयी थोडक्यात. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात संथपणात पुणे जगात चौथे होते. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. एकेकाळी सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे हे शहर मोटारीच्या काळात जवळपास सायकलीच्याच वेगावर परत आले आहे. यावर उपाय म्हणून पूल बांधले जातात. विद्यापीठ चौकातले पूल सुमारे दीड दशक वापरून २०२० मध्ये पाडावे लागले. सिंहगड रस्त्यावरचा पूल २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला. वरून जाताना खरोखर बरे वाटते आणि जिथे उतरतो तिथे पुन्हा तोच चौक, तीच पहिली फळी. पुलाने रस्ता वाढतो, चौकातला हिशेब बदलत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. मोठ्या गाडीतून उलट्या दिशेने येऊन वर डिपर मारणाऱ्या, काच खाली करून ‘ओळखलं नाहीस का’ विचारणाऱ्या माणसाचे काय? त्याला यू-टर्न जवळ असला तरी तो घेणार नाही. बरोबर आहे, माज ही गोष्ट खरी आहे आणि तिला दंडाशिवाय उत्तर नाही. पण अशी माणसे शंभरात पाच-सात असतील. बाकीचे त्यांचे पाहून शिकतात, कारण त्या पाच-सातांना काही होत नाही आणि ते लवकर घरी पोचतात. शिस्त बिघडवणाऱ्यांची संख्या कधीच मोठी नसते. त्यांचा फायदा सर्वांना दिसतो, एवढे पुरते.

मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एक प्रयोग लोकांसमोर आणला होता. काही चौकांत सिग्नलला ध्वनिमापक जोडले. थांबलेल्या गाड्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचा आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. लोक हसले, पण मला त्यातली समज फार महत्त्वाची वाटली: हॉर्न वाजवू नका असे न सांगता हॉर्न वाजवणे तोट्याचे केले गेले. त्यात एक मोठी खोट होतीच. मागच्या दहा जणांनी वाजवले म्हणून पुढे गप्प बसलेल्यालाही तीच शिक्षा. म्हणजे येथेही अखेर थांबणाऱ्याचाच तोटा. ही खोट काढून टाकता येते, आणि त्यासाठी सगळे शहर एकदम सुधारण्याची गरज नाही. वीस चौक निवडावेत. थांबण्याची रेषा झेब्रा क्रॉसिंगपासून चांगली दोन मीटर मागे, जाड आणि ठळक असावी. डांबरीकरणाच्या निविदेतच ती रंगवण्याचे काम असावे आणि रेषा उमटेपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे बिल निघू नये. चौकाच्या मध्यभागी पिवळ्या जाळीचा चौकोन असावा आणि पलीकडे गाडीपुरती जागा दिसल्याशिवाय त्यात शिरणाऱ्यावर कॅमेऱ्याने दंड व्हावा. लहान, पण दर वेळी. आवर्तन आखडावे. पोलिसाने हेल्मेटची छायाचित्रे घेण्याचे काम यंत्रावर सोडून चौकाच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी उभे राहावे आणि पुढची जागा भरलेली असेल तर मागच्यांना दिवा हिरवा असला तरी अडवावे. या वीस चौकांत तीन महिन्यांत काय झाले ते महिन्याच्या महिन्याला जाहीर करावे. यांत एकही गोष्ट महागडी नाही, आणि बहुधा त्यामुळेच त्या कोणाच्या उद्घाटनाच्या यादीत बसत नाहीत.

हे आपल्याकडे चालणारच नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक दृश्य राखून ठेवले आहे. गेल्या महिन्यात माझ्या गाडीला एका रिक्षाने चौकात असा कट मारला, की आरसा मिटून काचेला लागला. पंधरा मिनिटांनी मी सीएनजी पंपाच्या रांगेपाशी पोचलो तेव्हा ती रिक्षा माझ्या चार गाड्या पुढे उभी होती. रांग पंपापासून निघून कडेकडेने पाऊण किलोमीटर गेलेली. पोलीस नाही, रेषा नाही, दोरी नाही. इंजिन बंद करून चालक खाली उतरलेला, एक हात हँडलवर ठेवून रिक्षा पावलापावलाने पुढे ढकलत होता. मध्ये एका दवाखान्याचे फाटक होते. त्याच्यासमोर रांगेने दोन गाड्यांची जागा सोडलेली होती. त्याची पाळी तिथे आली तेव्हा तो थांबला, मागे वळून मागच्या रिक्षावाल्याला हाताने ‘थांब’ अशी खूण केली, आणि पलीकडे जागा होईपर्यंत त्या फाटकाच्या अलीकडे उभा राहिला. पंपावरचा मुलगा मधे घुसलेल्याला गॅस भरत नाही, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.